जाऊबाईचा शनिवारचा भरणा

जळगाव-धुळे पट्ट्यात केळीपेक्षा लवकर काही पिकत असेल, तर ती माझ्या मोठ्या जाऊबाईची ओळख. केळीचा घड कच्चा उतरवला तर त्याला पिकायला निदान चार दिवस तरी द्यावे लागतात. हिचं तसं नाही. एस.टी.त शेजारच्या सीटवर कोणी बाई येऊन टेकली की एरंडोल यायच्या आत त्या बाईची सून कशी आहे, गुडघा कोणता दुखतो आणि नवऱ्याने भावकीत कोणाशी बोलणं टाकलंय, हे सगळं हिच्या पदरात पडलेलं असतं. एकदा मी तिच्याबरोबर जळगावहून धुळ्याला निघाले होते. मी खिडकीशी, ती मधे आणि पलीकडे एक अनोळखी बाई. धुळं येईपर्यंत त्या बाईने हिला नातवाच्या बारशाचं आमंत्रण दिलं आणि पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगा काढून दिल्या. मला काय म्हणाली? "ताई, खिडकी लावा हो, धूळ येते." मी मुकाट्याने खिडकी लावली. आणि ही बया पुढच्या आठवड्यात झबलं-टोपडं घेऊन त्या बारशाला जाऊनसुद्धा आली.

मी तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणते, 'जाऊबाई' म्हणते, सणावाराला वाकून नमस्कार करते. मनात मात्र 'ती' म्हणते, आणि इथे मनातलंच लिहायचं ठरवलं आहे. ती धुळ्यात देवपूरला राहते. तिथे लहान-थोर सगळे तिला अक्का म्हणतात. माहेर भडगावकडचं, गिरणाकाठचं. सगळा संसार धुळ्यात गेला, पण बोलणं अजून गावाकडचंच. बँकेचा मॅनेजर असो, नळ दुरुस्त करणारा असो की दारातलं कुत्रं असो, सगळ्यांशी 'शे' आणि 'बठ्ठं' लावूनच बोलणार. 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठं' म्हणजे सगळं. आमच्याकडे जळगावात घरातून हे बोलणं गेलं. मी पिंप्राळ्यात राहते, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला नेमकं आणि थोडक्यात बोलायची सवय. माझं लोक ऐकून घेतात. तिच्याशी लोक बोलतात. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि कळल्यापासून माझ्या पोटात दुखतं.

तिच्या हाताला चव आहे, हेही मला कबूल करावं लागतं. खापरावरचे मांडे तिच्यासारखे देवपुरात कोणी करत नाही. पुरण भरलेला उंडा हातावर घेऊन ती तो असा काही फिरवते की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरतो आणि मग तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद जाऊन पडतो. मी एकदा करायला गेले तर माझा मांडा अर्धा खापरावर आणि अर्धा माझ्या पायावर. तेव्हा ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "पहिला मांडा बठ्ठासना पडस," असं म्हणून तिने तो उचलला आणि माझ्या नवऱ्याला वाढला, आणि आमचे हे मिटक्या मारत म्हणाले, वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही. तर असे मांडे ती लग्नाकार्याला, श्राद्धपक्षाला, अक्षय तृतीयेला लोकांना करून देते. लोक रोख पैसे देतात. ते पैसे ती तुपाच्या बरणीशेजारी ठेवते, म्हणून तिच्या नोटांना कायम साजूक तुपाचा वास येतो. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, या व्यवहाराची काही खबर नसते. ते टीव्हीसमोर बसतात आणि दिवसाकाठी जेवढं बोलणं भागच आहे तेवढंच बोलतात. बायकोने घरातलं सगळं बोलणं आधीच संपवल्यामुळे त्यांच्या वाट्याला काही उरत नसावं.

आता मूळ दुखण्याकडे येते. जाऊबाईला दोन मुलगे आहेत, दोघंही सुरतेला, कमावते, सुखी. मला एकच मुलगी, हर्षदा. दोन असणाऱ्याने एक असणाऱ्याच्या ताटात हात घालू नये, असा साधा न्याय आहे. पण अकरावी-बारावीला देवपूरचं कॉलेज चांगलं म्हणून आम्ही हर्षूला तिच्याकडे ठेवलं, आणि झालं. सोळा वर्षं दुखणीखुपणी मी काढली, पाढे मी पाठ करून घेतले, वेण्या मी घातल्या, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. दोन वर्षांत पोरगी तिची होऊन गेली. आमच्याकडे मोठ्या काकूला मोठीआई म्हणायची रीत आहे. माझी मुलगी मला मम्मी म्हणते आणि तिला मोठीआई. 'मम्मी' हे नाव मीच हौसेने शिकवलं होतं, तेव्हा जरा बरं वाटायचं कानाला. आता 'आई' हा शब्द तेवढा तिकडे गेला आणि मी मागू तरी कोणाकडे?

बारावीनंतर हर्षू नाशिकला गेली, फिजिओथेरपीला. हॉस्टेलवर राहते. तिथे मैत्रिणींचं बघून तिने एका मोबाइलमधल्या बँकेत खातं काढलं. या बँकेला इमारत नाही, पिंजऱ्यातला कॅशियर नाही, दोरीला बांधलेलं पेन नाही. सगळी बँक मोबाइलमध्ये. आता मोबाइलमध्ये नोटा कशा घालायच्या? तर त्यासाठी गल्लोगल्ली दुकानं ठरवून दिली आहेत. कोणाचं किराणा, कोणाचं मेडिकल, कोणाची पिठाची गिरणी. दुकानाच्या काचेवर त्या बँकेचा स्टिकर असतो. आपण रोख पैसे द्यायचे, खात्याचा मोबाइल नंबर सांगायचा. ज्याचं खातं त्याच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते आकडे दुकानदाराला सांगितले की पैसे जमा. दुकानदार प्रत्येक भरण्यामागे थोडीशी कटती घेतो, ते त्याचं कमिशन. इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट जाऊबाईच्या हातात गेली की तिची जत्रा होते.

हर्षूच्या हातखर्चाला मांड्याच्या पैशातले काही मी देणार, असं जाऊबाईने परस्पर जाहीर केलं. गरज नव्हती. आम्ही दोघं कमावतो. पण तिला नाही कोण म्हणणार? दर शनिवारी दुपारची झाकपाक झाली की ती तोंड धुते, कपाटातलं चांगलं पातळ काढते, पदर पिनेने लावते, पायात बाहेरच्या चपला घालते आणि 'भरणा करी येस' असं दिरांना सांगून निघते. पैसे भरायला जाते की हळदी-कुंकवाला, कळायला मार्ग नाही. पिशवीत एखाद्याला देण्यापुरते पापड, एखादीला लिंबाचं लोणचं. देवपुरात स्टिकरवाली तीन दुकानं तिच्या ओळखीची, आणि ती पाळीपाळीने जाते. मी म्हटलं, जवळचं एक धरून ठेवा ना, पायपीट कशाला? तर म्हणाली, "बाकीना रुसतीन ना." गिरणीवाल्याकडे गेली की त्याच्या आईच्या दम्याची चौकशी. मेडिकलमध्ये गेली की फुकटात वजन करून घेते आणि काट्यावर उभी असतानाच शेजारच्या गिऱ्हाइकाला आले-गवतीचहाचा काढा सांगते. मेडिकलवाल्याचं एवढं नुकसान करूनही तो तिला स्टूल देतो. मी आमच्या मेडिकलमधून पंधरा वर्षं औषधं घेते, मला अजून कोणी स्टूल दिलेलं नाही.

तिसरं दुकान बांगड्यांचं, तिथल्या चाचांचं. चाचांची नजर अशी की बायकांच्या मनगटाचं माप नुसतं बघून सांगतात. जाऊबाईला तिथे सर्वांत जास्त आवडतं, कारण तिथे नवऱ्या मुली येतात, त्यांच्या आया येतात, मावश्या येतात आणि बोलायला माणसांची ददात नसते. ती गादीच्या कडेला बसते, चाचा चहा मागवतात, मग मोबाइल काढतात. आणि आता येते तिची खरी करामत. समजा पाचशे रुपये भरायचे आहेत. कोणीही शहाणा माणूस पाचशे एकदम भरेल. ही शंभर भरते. हर्षूच्या मोबाइलवर आकडे येतात, म्हणून ही तिला फोन लावते. "जेवनी का माय? काय खादं?" इथून सुरुवात. मेसमधल्या भाजीत पाणी किती, रूममधल्या मुलीचं लग्न कुठे ठरतंय, पंख्याचा आवाज येतो तो दुरुस्त झाला का, असं सगळं होऊन शेवटी आकडे. शंभर जमा. फोन ठेवला. चहाचा घोट घेतला. मग पदराच्या गाठीतून दुसरी नोट. पुन्हा आकडे, पुन्हा फोन, पुन्हा "काय करी ऱ्हायनी?" जणू मधल्या दोन मिनिटांत पोरगी काशीला जाऊन आली.

मी तिला हिशेब मांडून दाखवला. जाऊबाई, म्हटलं, एकदा भरलं तर एकदा कटती, पाचदा भरलं तर पाचदा. हे अडाणीपणाचं काम आहे. ती मान डोलावत ऐकत राहिली, कारण ती कोणाचंही सगळं ऐकून घेते, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा एकेक नोट. मग मी दुसरं हत्यार काढलं. म्हटलं, ते आकडे कोणालाही सांगायचे नसतात, बँका घसा कोरडा करून सांगतात, फसवणूक होते. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू गणित मलाच येत नाही.

"कोनाले सांगू नका म्हंतस ना?" ती म्हणाली. "मी काय कोनी शे का?"

आमच्या ह्यांनी हसून दाद दिली, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

कोणी म्हणेल, बिचारीला मोबाइलमधलं कळत नसेल. कुठलं काय! गॅसवाला आला की ही स्वतः त्याच्या कागदावरचं चौकोनी चित्र मोबाइलने टिपून पैसे देते, सुरतेच्या नातवाला वाढदिवसाला बसल्या जागेवरून पाठवते. सगळं येतं. नाशिकला मात्र नोटच पाठवायची, तीही चालत जाऊन, आणि एकेक. ती बावळट असती तर मला इतका राग आला नसता. माझं बघा. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शाळेतल्या मधल्या सुट्टीत, डबा खायच्या आधी, हर्षूच्या खात्यावर मोबाइलमधून पैसे टाकते. बोट दाबलं की गेले. कटती नाही, पायपीट नाही, फोन नाही. पलीकडून अंगठ्याचं चित्र येतं. पैसे मिळाले, अंगठा. मी तो अंगठा बघते, माझं बोट वर-खाली फिरवून आणखी काही खाली लिहिलंय का बघते, आणि डबा उघडते. रात्री कधी मी फोन केला तर मी विचारते, अभ्यास झाला का, हजेरी किती भरली, पेपर कसा गेला. ती म्हणते, झाला, भरली, बरा. मग म्हणते, ठेवू का? आता चौकशी करायची नाही तर आईने करायचं काय, हे मला कोणी सांगत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊबाईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुना सुरतेहून पुढच्या आठवड्यात येणार होत्या, तोवर मी देवपूरला गेले. मी गेले यात माझा मोठेपणा काही नाही, न जाऊन चाललं नसतं. तिथे जाऊन बघते तर माझी गरजच नव्हती. सकाळी मेडिकलवाल्याची बायको वरण-भात घेऊन हजर, दुपारी गिरणीवाल्याची आई दम्यासकट जिना चढून आलेली. एस.टी.तली ती बारशाची बाईसुद्धा येऊन गेली. मी फक्त दार उघडायचं आणि लावायचं काम केलं. त्यातही दोघींनी मला विचारलं, तुम्ही अक्कांच्या कोण? माझं एकदा पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा आमच्या कॉलनीतून चौकशीला कोण आलं होतं ते मी आठवून बघितलं. मग विचार सोडून दिला.

शनिवारी दुपारी ती डोळ्यावर पट्टी, वर काळा गॉगल अशी पलंगावर बसली होती. मला म्हणाली, आज भरणा तू करून ये. मी म्हटलं, मी इथूनच मोबाइलवरून टाकते की, आत्ता टाकते. तर नाही. चाचांकडेच जायचं, तिचाच फोन न्यायचा, आणि नोटाही तिच्याच. तुपाच्या वासाच्या पाच नोटा माझ्या हातात ठेवल्या. आजाऱ्याशी काय वाद घालायचा? पातळ बदलावं का असा विचार एक क्षण मनात आला, त्याचाच मला राग आला, आणि आहे त्याच साडीत निघाले.

चाचांच्या दुकानात लग्नाची गर्दी होती. एका मुलीच्या हातात हिरवा चुडा भरणं चाललं होतं आणि तिची आई बाजूला डोळे पुसत होती. चाचांनी माझ्या हातातला फोन ओळखला, अक्कांचा डोळा कसा आहे विचारलं, आणि गादीवर जागा केली. मी पहिली नोट दिली. त्यांनी नंबर मारला. मी हर्षूला फोन लावला. एक घंटी पुरती वाजली नाही तोच तिने उचलला. माझ्या फोनला ती कधी इतक्या लवकर सापडत नाही.

मी 'हॅलो' म्हणायच्या आत तिकडून धबधबा सुरू झाला. "मोठीआई, किती उशीर गं! डोळा दुखतोय का? ऐक ना, मम्मी जवळ नाही ना? तू तिला सांगितलं नाहीस ना अजून? मी कालही नंबर काढला होता तिचा, पण तिचा आवाज ऐकला की मला वाटतं आता ती विचारेल, किती मार्कांनी राहिलीस..."

माझ्या कानात बांगड्यांची किणकिण आणि तिचा आवाज एकत्र शिरत होता. तिच्या बोलण्यातून कळलं, ॲनाटॉमीचा विषय राहिला होता. महिना झाला होता निकालाला. देवपूरला माहीत होतं, नाशिकला माहीत होतं. पिंप्राळ्यात अंगठा येत होता.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला विषय राहिल्याचं वाईट वाटलंच नाही. तिला आधी कळलं, याचंच वाटलं. मी म्हटलं, "हर्षू, मी बोलतेय. मम्मी."

पलीकडचा धबधबा तिथेच तुटला. मग अगदी व्यवस्थित, शाळेत उत्तर द्यावं तशा आवाजात ती म्हणाली, "आकडे सांगू?"

तिने आकडे सांगितले. मी चाचांना सांगितले. शंभर रुपये जमा झाले. फोन बंद झाला. मी तिथे बसून राहिले, हातात चार नोटा. माझ्या पोटच्या पोरीने मला आकडे सांगितले आणि फोन ठेवला, दुकानदाराला सांगावे तसे.

चाचांनी मोबाइल खाली न ठेवताच विचारलं, "अक्का तर एकेक नोट टाकतात. तुमचे एकदम टाकू का?"

हिशेबाने एकदमच टाकायला हवे होते. मीच तर सांगत आले होते. मी म्हटलं, "नको. एकेकच टाका."

दुसऱ्या नोटेचा फोन तिने जरा वेळाने उचलला. "मम्मी, आता काय?" म्हणाली. मी म्हटलं, आकडे आलेत बघ. पण आकडे सांगायच्या आत मला काहीतरी बोलायचं होतं आणि माझ्या जिभेवर एकच प्रश्न तयार होता, किती मार्कांनी. तो मी गिळला. आणि जे सुचलं ते बोलले. म्हटलं, "ॲनाटॉमी म्हणजे ते हाडांचं ना गं? माणसाला हाडं असतात तरी किती?"

"दोनशे सहा," ती म्हणाली.

"बाई गं! मग एखाद-दुसरं विसरणारच माणूस."

पलीकडून नाकातला एक बारीकसा आवाज आला, हसल्यासारखा. तिसऱ्या नोटेला ती रडली. तोंडी परीक्षेत समोर सांगाडा ठेवला होता, सगळं येत होतं आणि नाव आठवेना, बाईंनी घड्याळ बघितलं आणि मग उरलेलंही गेलं. चौथ्या नोटेला तिने मला मेसमधली भाजी सांगितली. मी विचारलंही नव्हतं. माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, चाचा त्यांना म्हणाले, जरा थांबा, भरणा चाललाय. पाचवी नोट संपली तेव्हा मला पर्समध्ये हात घालून माझी शंभराची नोट शोधावी लागली. ती मिळाली. चाचांनी काही न विचारता ती घेतली.

घरी गेले तेव्हा जाऊबाई गॉगलसकट दाराकडे तोंड करून बसली होती. पैसे जमा झाले का, हे तिने विचारलं नाही. "बोलनी का पोर?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, बोलली. मग मला राहवेना. म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत. मला आधी सांगता आलं नसतं का?

"तिनं तुले सांगाले जोयजे ना, मी कोन सांगनारी?" ती म्हणाली, आणि पलंगावर आडवी होत भिंतीकडे वळली. वर म्हणते कशी, "माले काय दिसस? मना डोयावर तं पट्टी शे."

तेव्हा तिच्याबद्दल मला माया वाटायला हवी होती. वाटलीही. पण खालून जळफळाटच वर येत होता. माझी मुलगी मला परत द्यायची, तीही हिनेच. एवढं तरी मला माझं मिळवू द्यायचं होतं. ज्याचा राग करावा त्या माणसाने असं काही करून ठेवलं की राग धरायलाही जागा उरत नाही. मी तिचं पांघरूण नीट केलं आणि चहा टाकायला गेले.

पुढच्या शनिवारी मी जळगावला होते. दुपारी तिचा फोन आला. "आज तूच टाक पैसा. मना डोया दुखस." पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या काचेवर तोच स्टिकर. रोज तिथून जात होते, कधी वर बघितलं नव्हतं. गेले, शंभर-शंभर करून भरले. दुकानदार वैतागला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तिचा फोन, पुन्हा डोळा. त्याच्याही पुढच्या. आता मला त्या दुकानात प्लास्टिकची खुर्ची मिळते, आणि दुकानदाराच्या बायकोला कोणता महिना चालू आहे ते मला माहीत आहे. हर्षू मला पंख्याचं सांगते, रूममधल्या मुलीचं सांगते, हाडांची नावं म्हणून दाखवते. परीक्षा पुन्हा दिली, कशी गेली ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं.

परवा मोठे दीर काही कामाने जळगावला आले होते. जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं, वहिनींचा डोळा कसा आहे? दीर म्हणाले, डोळा केव्हाच बरा झाला, आता ती सुईत दोरा ओवते. मग त्यांच्या मानाने पुष्कळच बोलले. म्हणाले, शनिवारी चांगलं पातळ नेसते, चाचांच्या दुकानात जाऊन बसते, चहा पिते आणि परत येते. भरणा काही नाही. फोन हातात धरून बसते म्हणे, चाचा सांगत होते. एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मला आणखी वरण वाढायचं सुचलं नाही.

हर्षूला तिने सांगून ठेवलंय की डॉक्टरांनी डोळा पक्का होईपर्यंत मोबाइलजवळ जायचं नाही म्हणून बजावलंय, तू आईशी बोलत जा. पोरगी शहाणी, मोठीआईला त्रास नको म्हणून तिकडे फोन करत नाही. दर वेळी मला विचारते, मोठीआईचा डोळा कसा आहे? तिला एवढंच सांगायचं आहे की डोळ्याला काहीही झालेलं नाही, तू तिला फोन कर. एका वाक्याचं काम आहे. शनिवारी झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या खुर्चीवर बसून मी ते वाक्य अगदी ओठांपर्यंत आणते. तेवढ्यात पलीकडून ती म्हणते, "बोल ना मम्मी," आणि मी दुसरंच काहीतरी बोलते.